काचेमागच्या चिठ्ठ्या

एखाद्या प्रदेशाचा निसर्गेतिहास आणि पुरातत्त्व एकाच इमारतीत मांडलेले असले, की तेथील वस्तूंपेक्षा त्यांच्यापुढच्या लहानशा चिठ्ठ्या मला अधिक वेळ थांबवून ठेवतात. अशा संग्रहालयात जगप्रसिद्ध असे बहुधा काही नसते. पेंढा भरलेले पक्षी, जीवाश्म, दगडी हत्यारे, खापरे आणि नाणी एवढाच ऐवज. चिठ्ठ्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच अक्षरांत असतात, त्यामुळे डायनोसॉरचे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हाड आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे जणू एकाच पिढीतले वाटू लागतात. एका पावलाला एक लाख वर्षे असा हिशेब धरला, तर त्या हाडापासून निघून केनियातील लोमेक्वी येथे मिळालेल्या ३३ लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांपर्यंत पोहोचायला ६२७ पावले चालावे लागेल; तेथून आजपर्यंत उरतात फक्त ३३, आणि शेती, नगरे, लिपी व नाणी हा सारा पसारा शेवटच्या पावलाच्या जेमतेम आठव्या हिश्श्यात मावतो. प्रत्यक्षात दोन दालनांच्या मध्ये एक उंबरठा असतो, इतकेच.

पक्ष्यांच्या अंड्यांच्या कपाटाकडे फारसे कोणी फिरकत नाही. (अंडी गोळा करण्याचा तो जुना छंद मला मुळीच रुचत नाही, हेही सांगून टाकतो.) तरीही ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली अशाच जुन्या संग्रहांतील बहिरी ससाण्याची अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली आणि ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कवच पातळ होत गेल्याचे दाखवून दिले, त्यामागे डीडीटीसारखी कीटकनाशके असल्याचे पुढे स्पष्ट झाले. प्रत्येक अंड्याची तारीख कोणीतरी नेमाने टिपून ठेवली नसती, तर ही तुलना करताच आली नसती.

म्हणूनच पुरातत्त्वाच्या दालनात ‘प्राप्तिस्थान अज्ञात’ अशी चिठ्ठी दिसली, की मला चुटपुट लागते. कुऱ्हाड सुबक असते, तिचा दगड ओळखता येतो, धार कशी काढली तेही जाणकार सांगू शकतात. पण ती मातीच्या कोणत्या थरात होती, तिच्याशेजारी चूल होती की कोणाची अस्थी, हे तिला उचलून नेणाऱ्याने विचारलेच नाही, आणि आता विचारायला तो थरही जागेवर राहिलेला नाही.