दोन प्रोसेसरच्या बोर्डासाठी रॅम: आधी लेबल वाचा

सुपरमायक्रोचा एक्स१०डीआरआय बोर्ड आणि त्यावर इंटेलच्या झिऑन ई५-२६०० व्ही३ किंवा व्ही४ मालिकेतले दोन प्रोसेसर, ही जुन्या सर्व्हरच्या बाजारातली नेहमीची जोडी. रॅमचे स्लॉट १६, प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला ८. विक्रेता म्हणतो, "सर्व्हर रॅम आहे, चालेल." त्यावरून काहीही कळत नाही. लेबलाचा फोटो मागवा.

लेबलावर साधारण असं छापलेलं असतं: १६जीबी २आरएक्स४ पीसी४-२१३३पी-आर. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २१३३ हा वेग. खरं बघायचं ते 'पी' नंतरच्या डॅशपुढचं अक्षर. 'आर' म्हणजे रजिस्टर्ड (मॉड्यूलवर रजिस्टर नावाची मधली चिप असते), 'एल' म्हणजे एलआरडीआयएमएम, म्हणजे लोड-रिड्यूस्ड मॉड्यूल. 'ई' असेल तर ईसीसी (डेटातल्या चुका ओळखून दुरुस्त करायची सोय) आहे पण रजिस्टर नाही, आणि 'यू' ही घरच्या पीसीची साधी रॅम. या बोर्डाला आर किंवा एल घ्या. गोम अशी, की डीडीआर४ मध्ये या सगळ्यांना २८८ पिना आणि खाच एकाच जागी. त्यामुळे चुकीचं मॉड्यूलही स्लॉटमध्ये आरामात बसतं, फक्त मशीन सुरू होत नाही. (डीडीआर५ मध्ये खाचेची जागा बदलली, फार बरं केलं.) आर आणि एल मात्र एकत्र लावू नका. आर मध्ये फक्त पत्ता आणि आदेशाच्या लाइन्स रजिस्टरमधून जातात, एल मध्ये डेटाच्याही लाइन्सना बफर असतो. एकाच मशीनमध्ये दोन्ही चालत नाहीत.

२आरएक्स४ म्हणजे दोन रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचे दोन गट), आणि प्रत्येक चिप ४ बिट रुंद. मिळत असेल तर एक्स४ च घ्यावी. एखादी चिप पूर्ण गेली तरी हे प्रोसेसर ती चूक सावरून घेतात. एक्स८ मॉड्यूलवर तेच हवं असेल तर चॅनेल जोडीने लॉकस्टेपमध्ये, म्हणजे दोन मिळून एकासारखे, चालवावे लागतात.

आता संख्या. प्रत्येक प्रोसेसरला ४ चॅनेल (रॅमकडे जाणारे स्वतंत्र मार्ग), प्रत्येक चॅनेलवर २ स्लॉट. १२८ जीबी हवी असेल तर १६ जीबीची ८ मॉड्यूल घ्या. ३२ ची ४ घेतलीत तर निम्मे चॅनेल रिकामे राहतात आणि बँडविड्थ तितकीच घटते. आधी ए१, बी१, सी१, डी१ भरा, तसेच दुसऱ्या प्रोसेसरचे ई१ ते एच१. सगळी रॅम एकाच बाजूला कोंबू नका. दुसऱ्या प्रोसेसरला प्रत्येक वेळी क्यूपीआय (दोन प्रोसेसरना जोडणारा दुवा) ओलांडून जावं लागतं. आणि दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याचे ८ स्लॉट मेलेले समजा.

वेग प्रोसेसर ठरवतो. ई५-२६२० व्ही३ ची मर्यादा १८६६, त्यामुळे २४०० च्या रॅमला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही; ती चालेल, पण १८६६ नेच. चॅनेलवर दुसरं मॉड्यूल आलं की आर प्रकारचा वेग साधारणपणे एक पायरी उतरतो: व्ही३ वर २१३३ चा १८६६, व्ही४ वर २४०० चा २१३३. एल प्रकार इथे वेग टिकवतो.

१२८ ऐवजी ११२ जीबी दिसली तर लगेच विक्रेत्याशी भांडू नका. गायब असलेलं मॉड्यूल दुसऱ्या चॅनेलवर लावून बघा. दोष मॉड्यूलबरोबर फिरला तर मॉड्यूल खराब. दोष स्लॉटलाच चिकटून राहिला तर प्रोसेसर काढा आणि सॉकेटच्या पिना तिरप्या उजेडात तपासा. एखादी वाकलेली पिन पूर्ण चॅनेल घालवते. पिना सरळ असतील तर हीटसिंकचे स्क्रू थोडे थोडे, आलटूनपालटून, तिरक्या जोडीने आवळा; एका बाजूला जास्त दाब पडला की हाच त्रास होतो. स्लॉटची दोन्ही टोकं खटकन बंद झाली आहेत ना, हे त्याआधीच पाहिलेलं असावं.

सगळी रॅम दिसू लागली की मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम रात्रभर चालवा आणि सकाळी आयपीएमआयचा (बोर्डावर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) इव्हेंट लॉग उघडा. ईसीसी चुका दुरुस्त करत असल्यामुळे मशीन सुरळीत चालू दिसतं, पण लॉगमध्ये एकाच स्लॉटच्या नावावर दुरुस्त केलेल्या चुका पुन्हा पुन्हा येत असतील, तर परतीची मुदत संपायच्या आत ते मॉड्यूल बदलून घ्या.