तुम्ही विचारलंत म्हणून: रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) न होणारी कोंबडीची जात कोणती?

अशी जात नाही. कमी सोसणारी, जास्त सोसणारी असा फरक मात्र आहे आणि तो वंशातून येतो. मागे इजिप्तच्या फायूमी या जातीचं नाव घेतलं होतं, ते आजही मागे घेत नाही. हा रोग आयमेरिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो; त्यातल्या आयमेरिया टेनेलापुढे ती लेगहॉर्न जातीपेक्षा बरी टिकते. पण नाव ऐकलं की लोक पुढचं ऐकतच नाहीत. कोंबडीत आयमेरियाच्या सात मुख्य प्रजाती सापडतात. टेनेला आंधळ्या आतड्यात, मॅक्सिमा मधल्या आतड्यात. एकीला दाद न देणारा पक्षी दुसरीपुढे आडवा होऊ शकतो.

‘आमची देशी पिल्लं जगली, ब्रॉयलर मेले’ हा पुरावा नव्हे. देशी पिल्लांनी आधीच थोडे थोडे ऊसिस्ट (विष्ठेतून पसरणारी परजीवीची अंड्यासारखी कवचं) टिपलेले असतात; ती कमावलेली प्रतिकारशक्ती असते, जन्मजात नाही. खरी तुलना करायची तर पिल्लं एकाच दिवशी उबलेली हवीत, विष्ठा तोंडी लागू नये म्हणून जाळीवर वाढवलेली हवीत आणि खाद्यात कॉक्सिडिओस्टॅट (हा परजीवी दाबणारं औषध) नको. तीन आठवड्यांची झाली की वजन करून प्रत्येकाच्या थेट क्रॉपमध्ये (गळ्याखालच्या अन्नपिशवीत) नळीने ऊसिस्टच्या द्रावणाचा मोजका डोस. पाण्यातून दिला तर जास्त पिणाऱ्याला जास्त मिळतो.

सगळं बिघडतं ते इथेच. ऊसिस्ट जड असतात, भांडं स्थिर राहिलं की तळाशी बसतात. वरचं द्रावण आधी संपतं, तळाचं दाट शेवटी. पहिल्या जातीची सगळी पिल्लं आधी आणि दुसरीची नंतर घेतली, तर दुसरीला कितीतरी पट डोस जातो. पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्याच पिंजऱ्याखाली रक्त दिसतं आणि एक चांगली जात ‘नाजूक’ म्हणून बाद होते. असे निकाल वाचताना मला खरंच वाईट वाटतं, कारण उपाय इतका साधा आहे: प्रत्येक सिरिंज भरण्याआधी द्रावण ढवळा आणि दोन्ही जातींची पिल्लं आलटून पालटून घ्या. डोस फार मोठा असला तर दोन्ही जाती कोसळतात, फरक झाकला जातो.

सातव्या दिवशी काही पक्षी उघडून आतड्याला ० (निरोगी) ते ४ (सर्वात खराब) गुण द्या. गुण देणाऱ्याला जात माहीत नको. बाकीच्यांची विष्ठा ३ ग्रॅम, पाणी ४२ मिली, गाळून, सेंट्रिफ्यूज करून, वरचं पाणी टाकून तितक्याच मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळा आणि मॅकमास्टर स्लाइडवर (मोजणीसाठी आखलेली दोन कप्प्यांची काच) मोजा. दोन्ही कप्प्यांची बेरीज गुणिले ५० म्हणजे दर ग्रॅमला ऊसिस्ट.

आता अडचण. आतड्याचे गुण, वजनवाढ आणि ऊसिस्ट हे तिन्ही आकडे नेहमी एका बाजूने बोलत नाहीत. एखादा पक्षी वजन राखतो आणि भरपूर ऊसिस्टही टाकतो. तो सोसतो, रोखत नाही. त्याच्या लिटरवरची (जमिनीवरच्या भुशाच्या गादीवरची) बाकीची पिल्लं मात्र भोगतात. जनुकांतही एकच कळ नाही. गुणसूत्र १६ वरचा एमएचसी भाग (प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा गट) महत्त्वाचा आहे, पण सगळा फरक त्याच्यावर जात नाही. मॅक्सिमाला बळी पडणाऱ्या १५आय या प्रयोगशाळेतल्या वंशात, टिकणाऱ्या सी वंशापेक्षा, इंटरल्यूकिन-१० हे प्रतिकार शमवणारं प्रथिन जास्त बनतं; म्हणजे शरीरच स्वतःचा प्रतिकार आवरतं.

मग पैदाशीसाठी निवड कशावर करायची, ऊसिस्टवर की वजनावर? मी ऊसिस्टकडे झुकतो. वजनवाले म्हणतात, पिल्लू जगलं की झालं. त्यांचं म्हणणं मला अजून पूर्ण खोडता आलेलं नाही.