पोह्यांवरून पेटलेला वाद

आज रविवार. इंदूरच्या मराठी घरात पुण्याची पाहुणी आली की पोह्यांवरून जुंपतेच. इथले वाफेवर ठेवलेले, वर शेव आणि जिरावन (इंदुरी मसाला). तिकडचे कढईतून थेट बशीत, वर ओलं खोबरं. इथवर मजाच. पण विषय ‘तुमच्याकडचे लोक’वर घसरला की बिनसतं.

कान तापले की थांबावं. नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरचं नीट ऐकूच येत नाही, असं मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात. उतरायला निदान २० मिनिटं. ‘चहा टाकते, मग बोलू’ म्हणून उठावं. न बोलता उठलं तर अपमान वाटतो. चहा उकळताना पुढचा मुद्दा मात्र घोटायचा नाही (हेच महाकठीण!). परतल्यावर आधी त्यांचं म्हणणं आपल्या तोंडून: ‘मावशी, तुम्हाला ताज्या फोडणीची चव हवी, हो ना?’

आणि त्यांच्या बशीत जिरावन जरा कमीच.