तुम्ही विचारलंत म्हणून: टूर का सोडली?

लग्नात, सोसायटीच्या पूजेला, परवा तर कुर्ल्याच्या फलाटावरसुद्धा तोच प्रश्न. "काय रे, गोल्फमध्ये एवढा प्रो झाला होतास, टूर का सोडलीस?" आजवर मी "पैशाचं जमेना" म्हणून सुटत आलो.

ते खोटं नाही. पीजीटीआयच्या, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरच्या, त्या सीझनला ११ स्पर्धा खेळलो, ४ कट पार केले, हातात आले १ लाख ७२ हजार. एन्ट्री फी, लॉज, रेल्वे, खाणं धरून गेले ३ लाखांच्या वर. कट म्हणजे काय, तर दोन दिवस खेळून पहिल्या पन्नासात किंवा पन्नासाव्याच्या बरोबरीत नसलात तर एक रुपया नाही, घरी जा. जमशेदपूरला अठरापैकी नऊ होल बेल्डीहच्या मैदानावर आणि उरलेले नऊ गाडीत बसून गोलमुरीला जाऊन खेळायचे, तेही आनंदाने केलं. रेल्वेत गोल्फची बॅग बघून "आत बंदूक आहे का?" हेही ऐकून घेतलं. तेव्हा मेहनतीला कमी पडलो, असं कृपा करून कुणी म्हणू नका.

कॅडी लावणं परवडत नव्हतं म्हणून बॅग बाबांच्या खांद्यावर. चेंबूरला तीस वर्षं त्यांनी मेंबर लोकांच्या बॅगा उचलल्या होत्या. ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीचा, उतार ते चपलेतून ओळखायचे.

अहमदाबादजवळची स्पर्धा, पहिला दिवस. दोन होल झाले होते, एक पार (ठरलेल्या शॉटमध्ये), एक बर्डी (एक शॉट कमी). तिसऱ्या टीवर, म्हणजे होल सुरू करायच्या जागी, बाबांनी ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) काढून दिला आणि हात बॅगेवरच राहिला. बोटांनी मोजत होते. एकदा, परत एकदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंधरा आहेत."

बॅगेत क्लब, म्हणजे काठ्या, चौदाच चालतात. जादा क्लब असताना खेळलेल्या प्रत्येक होलचे दोन शॉट दंड, जास्तीत जास्त चार. म्हणजे पूर्ण चार गेले. रेफ्री यायच्या आतच बाबा माझ्या मार्करसमोर, म्हणजे माझा स्कोर लिहिणाऱ्या खेळाडूसमोर, उभे राहिले, टोपी काढली आणि त्या पोरसवदा मुलाला म्हणाले, "साहेब, गलती मेरी है. मैंने गिना नहीं."

मी गप्प राहिलो.

जादा होती ती वेज, चेंडू जवळून उंच उचलायची काठी. ती आता वापरणार नाही हे दिसावं म्हणून बॅगेत उलटी खोचली, मूठ वर. बाकीचे सोळा होल बाबांच्या खांद्यामागे ती काळी मूठ हलत होती आणि मी तिच्या मागून चालत होतो. कट दोन शॉटनी हुकला.

२००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी वेल्सच्या गोल्फर इयान वूसनमच्या बॅगेत असाच जादा ड्रायव्हर निघाला होता, दोन शॉट गेले. त्याने कॅडीला तेव्हा ठेवला, दोन आठवड्यांनी तो झोपून राहिला तेव्हा काढला. हा किस्सा मी कित्येकांना हसत सांगितलाय. वर "बापाला कुठे काढणार?" हेही जोडायचो. लोक हसायचे. बाबा शेजारी असले तर तेही हसायचे.

आता खरं ऐका. सकाळी बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, दोन वेज ताडून बघितल्या त्या मी. दोन्ही बॅगेत टाकल्या त्या मीच. बाबा तेव्हा चहा आणायला गेले होते. बॅगेत काय आहे ही जबाबदारी खेळणाऱ्याची, हे नियमातही आहे आणि मला पाठही होतं. एखादा म्हणेल, चोवीस वर्षांचा पोरगा, घाबरला असेल. नाही हो. घाबरलो तिसऱ्या टीवर. संध्याकाळी लॉजवर, गुजरात मेलमध्ये, बोरिवलीला उतरताना काय झालं होतं?

त्यानंतर तीन स्पर्धा खेळलो. बाबा दर सकाळी माझ्यादेखत चौदा मोजायचे, मोठ्याने. मला ते ऐकवेना. म्हणून सोडली का? मला तसं वाटतं. बायको म्हणते, आणखी चार कट मिळाले असते तरी पुढच्या वर्षी पैसे संपलेच असते, उगाच मोठं करू नकोस. तिचंही चूक म्हणवत नाही.

हल्ली खारघरला मुलांना शिकवतो, बरं चाललंय. ती वेज घरी दाराआड असते. वरच्या दोरीवर कपडे सारायला बाबा तीच वापरतात. परवा कपडे सारता सारता म्हणाले, "आदल्या रात्री लॉजवर मी मोजले होते. चौदाच होते." आणि चादर नीट करायला लागले.