चार तळहात

शाळेत माझ्याकडे एक पिवळट, टणक खोडरबर होतं. दोन वर्षं पुरलं. पुरलं कारण ते खोडायचंच नाही. कागद काळा करायचं आणि जोर लावला की फाडायचं. शेजारणीचं मऊ, पांढरं खोडरबर एका फटक्यात अक्षर पुसायचं, पण महिन्याभरात नखाएवढं उरायचं. मला अभिमान माझ्याच खोडरबराचा. काटकसरीचा हा स्वभाव पुढे गाडीच्या टायरपर्यंत आला.

गाडीबरोबर आलेले टायर मी ६२ हजार किलोमीटर चालवले आणि भेटेल त्याला तो आकडा ऐकवत सुटले. मग एका संध्याकाळी धो धो पाऊस, मोकळा रस्ता, वेग ऐंशीच्या आसपास, आणि पुढ्यात पाण्याचा एक चकचकीत पट्टा. त्यात शिरल्यावर स्टीअरिंग हलकं झालं. भरलेली समजून बादली उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसं. इंजिनाचा आवाज चढला, वेग मात्र वाढेना. सेकंदभर गाडी रस्त्यावर नव्हती, पाण्यावर होती. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलायचा. मी ब्रेक मारला नाही खरा, पण त्यात शहाणपण शून्य. पाय गोठला होता. पट्टा संपला, टायरनी पुन्हा जमीन धरली आणि मी पुढचा सगळा रस्ता चाळीसने आले.

सकाळी गुडघ्यावर बसून टायरमध्ये बोट घातलं. मुख्य खाचांच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला; बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादाही हीच. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. माझी त्या उंचवट्यांच्या केसभर वर होती. कायद्याच्या लेखी मी निर्दोष, पावसाच्या लेखी गोटा. वर दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा जास्त झिजलेल्या, म्हणजे हवाही कायम कमी. (मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट बिघडलेलं.) ६२ हजारांचा तोरा तिथेच निम्मा उतरला.

त्या खाचा पकडीसाठी असतात असं मी इतकी वर्षं समजत होते. कोरड्या डांबरावर त्यांचा तसा उपयोग नाही. उलट जमिनीला टेकणारं रबर त्यांच्यामुळे कमीच होतं, म्हणून तर शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर बिननक्षीच्या टायरवर धावतात. खाच ही गटार आहे. एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. टनाहून जड गाडी अशा चार तळहातांवर उभी, आणि पावसात प्रत्येक तळहाताखालचं पाणी क्षणात बाजूला सारायचं. गटार उथळ झालं की पाणी जाणार कुठे? ते टायरलाच उचलतं.

आता नवे घ्यायचे म्हणून वाचायला बसले, तर समोर पुन्हा खोडरबर. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून धरतं आणि लवकर झिजतं. कडक रबर टिकतं आणि ओल्या रस्त्यावर सरकतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशलिन या टायर कंपनीने रबरातल्या काजळीचा बराच भाग काढून तिथे सिलिका घातली. ओल्यातली पकड न गमावता इंधन वाचवणं त्यातून जमलं. गाठ सैल झाली, सुटली नाही.

युरोपात टायरला लावतात त्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी असते, पण झिजेचा रकानाच नाही. अमेरिकी पद्धतीत झिजेचा आकडा टायरच्या अंगावरच असतो, ३००, ४००, ६०० असा; जितका मोठा तितका टिकाऊ. मात्र तो आकडा ज्याची त्याची कंपनीच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून फार काही कळत नाही. मला बाई यापेक्षा तारीख उपयोगाची वाटली. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरता ठेवलेलं रबरही वयानं कडक होतं. माझं ते खोडरबर बहुधा दुकानातच म्हातारं झालं असावं.

तरी जित्याची खोड. टायरवाल्याला म्हटलं, दोनच घेते, पुढे लावा.

“दोनच घेणार असाल तर मागे लावा, मॅडम.”

“पण स्टीअरिंग तर पुढे आहे!”

“पुढचे घसरले तर गाडी वळायला नाही म्हणते. मागचे घसरले तर ती स्वतःच वळते.”

चार घेतले. पकडीला वरची श्रेणी असलेले, टिकायला मध्यम, आणि तारीख तीन महिन्यांपूर्वीची. पहिले काही शे किलोमीटर बेतानं चालवा, नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, असंही त्यानं बजावलं.

घरी येऊन पुन्हा गुडघ्यावर बसले. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात; साच्यातली हवा बाहेर पडायला जी भोकं ठेवतात, त्यांत शिरलेलं हे रबर. ठेवले काय, उपटले काय, फरक पडत नाही. मी एका टायरचे सतरा उपटले, मग शेजारचे काका फाटकातून बघताहेत असं लक्षात आलं.