पाझर म्हणजे गळती नव्हे

फेब्रुवारीत पाझर तलाव कोरडा दिसला की गावात एकच ओरड होते: काम बोगस झालंय, तळं फुटकं आहे, पाणीच थांबत नाही. अहो, नावातच पाझर आहे! पावसाळ्यात भरायचं आणि ऊन तापायच्या आत जमिनीत मुरवून मोकळं व्हायचं, हेच त्याचं काम. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याचा दिवसाला सेंटिमीटरभर थर सहज उडून जातो. एप्रिलपर्यंत ज्यात पाणी हेलकावतं, तो साठवण तलाव म्हणून बरा असेल. पाझर तलाव म्हणून नापासच.

१९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर असे तलाव भरपूर झाले. शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, अर्थ मात्र सैल झाला. पाणी वरून मातीत शिरतं ते मुरणं. कणाकणांतून वाट काढत सरकतं ते झिरपणं. झिरपलेलं पाणी विहिरीच्या कडेला, बांधाच्या पायथ्याशी किंवा माठाच्या अंगावर बाहेर येतं, तो पाझर. पिकाच्या मुळांपासून जास्तीचं पाणी निघून जातं तो निचरा. तो झाला नाही की रान चिबडतं. गळतीला मात्र भोक, भेग किंवा सांधा लागतो. केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या बर्ग्यांमधून, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांमधून, पाणी येतं ती गळती. रबर नीट बसवलं की ती आटोक्यात येते. पाझराला असं एक तोंड नसतं, अख्खं अंग पाझरतं. दगडाला पाझर फुटतो, गळती लागत नाही, ते यामुळेच.

माठाचंच बघा. नवा माठ बाहेरून ओला असतो, म्हणून पाणी गार राहतं. दोन उन्हाळ्यांत क्षारांनी छिद्रं बुजतात, अंग कोरडं पडतं आणि पाणी कोमट लागतं. तलावाच्या तळाला हेच काम गाळ करतो. हेन्री डार्सीने १८५६ मध्ये मांडलेला नियम सोपा आहे: झिरपणारं पाणी म्हणजे थराची पार्यता (पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता), दाबाचा उतार आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. वर तीन मीटर पाणी उभं असलं तरी तळाशी वीतभर चिकण गाळ बसला की पार्यताच घसरते. म्हणून पाझर तलावातला गाळ मुरूम लागेपर्यंत काढायचा. साठवण तलावात मात्र हाच उत्साह अंगाशी येतो. पाणी धरून ठेवणारा थरच फुटतो.

जागेचंही तसंच. भिजून फुगलेल्या काळ्या चिकण मातीत पाणी तासाला १ ते ५ मिलिमीटर मुरतं. खाली मुरूम किंवा भेगाळलेला मांजऱ्या (छिद्रं असलेला खडक) असेल तर पाणी पुढे सरकतं, अखंड काळा पाषाण लागला तर अडतं.

आता बांध. पाझर तलावात पायाखालून थोडं पाणी जाणं चालतं, पण पायथ्याला येणारं पाणी रोज बघावं लागतं. काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. नितळ राहिलं तर पाझर. तळाला माती बसली तर बांधाची आतली माती वाहतेय, पोटात बीळ तयार होतंय. अशा वेळी लोक पहिली चूक करतात ती तोंडावर काळी माती थापायची. पाणी कोंडतं आणि शेजारून फुटतं. तिथे आधी वाळू, तिच्यावर खडी आणि सर्वांत वर दगड, असा थर द्यायचा, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. सोय असेल तर तलावाची पातळीही उतरवायची, आणि अभियंत्याला त्याच दिवशी बोलवायचं.

पाझर मोजायला ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेली पाटी, पुरते. खाचेवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास. १० सेंटिमीटर म्हणजे दुप्पट नव्हे, साधारण ४.४ लिटर. आकड्याशेजारी तलावाची त्या दिवशीची पातळी लिहिली नाही तर नोंद फुकट, कारण पाणी चढलं की पाझर वाढणारच. पातळी तीच असताना पाझर वाढला तर काळजी.

शेततळ्यात उलटं. तिथे पाझर हा शत्रू, म्हणून तळाला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. तरी पातळी उतरत असेल तर आधी बादली. बादलीत दगड घालून ती तळ्यातल्या पाण्यात उभी करा, काठ पाण्याच्या वर ठेवा, आत बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा आणि दोन्हीकडे खूण करा. २४ तास मोटर बंद. बादलीत १० मिलिमीटर उतरलं आणि तळ्यात २५, तर १० उन्हाने नेलं आणि १५ तळ्याने. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात हे १५ मिलिमीटर म्हणजे दिवसाला १३,५०० लिटर. इतकं पाणी जात असेल तर कागद फाटलाय किंवा सांधा सुटलाय, म्हणजे ही गळतीच. पातळी उतरता उतरता जिथे थांबेल, त्या रेषेवर किंवा किंचित वर चारही बाजूंनी छिद्र शोधा.