टाक्याटाक्याने

सातवीत शिवणाच्या तासाला मॅटीच्या कापडावर मी एक गुलाब भरला होता, फुलीच्या टाक्याने. बाईंनी गुलाबाकडे पाहिलंच नाही. कापड उलटं केलं. मागे नुसता गुंता आणि गाठी. दहापैकी चार.

इंग्लंडमधल्या शाळकरी मुलींचे जुने सॅम्पलर, म्हणजे भरतकामाचे नमुने, पाहताना तो गुलाब हमखास आठवतो. लिननच्या तुकड्यावर एबीसीडी, आकडे, एखादं धर्मवचन, खाली नाव, वय, साल. गरिबाघरच्या पोरीला हे यावंच लागे. पुढे मोठ्या घरी कामाला लागली की मालकांच्या चादरी-टॉवेलांवर अक्षरं आणि नंबर घालायचे असत, धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून. काही जणींनी म्हणे उतारवयात सॅम्पलरवरचं साल गुपचूप उसवून टाकलं. वय लपवायची ही युक्ती मला भारी आवडते.

पण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक सॅम्पलर आहे, त्यावर ना वेल ना पाखरू. सगळा मजकूरच. तो भरणारी एलिझाबेथ पार्कर १८१३ची, ससेक्समधल्या अ‍ॅशबर्नहॅमची, मजुराची मुलगी. कोवळ्या वयात परक्या घरी पोरं सांभाळायला गेली. १८३०च्या सुमाराला लाल रेशमाने तिने सुरुवात केली ती अशी: मला लिहिता येत नाही, म्हणून हे साधंसरळ मांडते, समोरच्याशी बोलावं तसं. मग मालकाची वाईट नजर, विरोध केला म्हणून जिन्यावरून ढकलून देणं, जीव द्यावासा वाटणं. आणि टाका कोणता? चादरीवर मालकाचं नाव घालायचा, तोच.

परवा तिच्या मजकुरातल्या 'सोल', म्हणजे आत्मा, जीव, या शब्दाची चार इंग्रजी अक्षरं मी मॅटीवर भरून पाहिली. चहा गार झाला. रागाच्या भरात चिठ्ठी खरडता येते, फाडताही येते. इथे दोरा संपला की सुई पुन्हा ओवायची, कापडाचे धागे मोजायचे, मग पुढचं दुःख. 'जीव' असं भरत बसलेल्या हाताने त्या दिवसापुरता तरी तो सांभाळलाच म्हणायचा.

'माझ्या आत्म्याचं काय होणार' इथे तिचा मजकूर तुटतो. वाक्य अर्धवटच.

एलिझाबेथ पुढे गावातच शिक्षिका झाली, १८८९मध्ये वारली. शहात्तर वर्षं जगली. खालचं कापड कोरं आहे ते आहेच.